स्वयंपाकघरातील व्हीपीएन यंत्र मुख्य कार्यालयात न हलविण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग, मुख्य कार्यालय,
दुसरा मजला.

मार्फत : मा. उपअभियंता (यांत्रिकी)

अर्जदार : उपकरण तंत्रज्ञ, पंपघर

विषय : टाकी, पंपघर व कार्यालय येथील संगणक एकमेकांशी जोडणारे यंत्र अर्जदाराच्या आईच्या स्वयंपाकघरातून काढून सर्व्हर कक्षात नेण्याच्या आदेशाचा फेरविचार होणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, दिनांक ३ फेब्रुवारी.
२) मा. उपअभियंता यांचे स्थळपाहणी अहवाल, भाग एक ते चार.
३) अर्जदाराच्या आईची नोंदवही, पाने १ ते २१२.

महोदय,

संदर्भ क्र. १ चे पत्र अर्जदाराने दोनदा वाचले, एकदा पंपघरात उभ्याने आणि एकदा घरी बसून. दोन्ही वेळा अर्थ एकच निघाला. सबब हा अर्ज करणे भाग पडत आहे. अर्ज थोडा लांबला आहे, त्याबद्दल अर्जदार आधीच दिलगिरी व्यक्त करतो, म्हणजे मध्ये थांबावे लागणार नाही.

१. प्रथम वस्तुस्थिती. आपल्या विभागाची उंच टाकी टेकडीवर आहे, पंपघर नदीकाठी आहे आणि कार्यालय या दोहोंच्या मध्ये आहे. टाकी भरली की पंप थांबवायचा, एवढेच काम. परंतु टाकी भरलेली दिसते ती टाकीवरच्या पहारेकऱ्याला, आणि पंपाचा खटका असतो अर्जदाराच्या हाताशी. दोघांच्या मध्ये साडेचार किलोमीटरचे अंतर आणि पहारेकऱ्याचा मोबाइल. पहारेकरी अत्यंत भरवशाचा गृहस्थ आहे, त्याच्या बॅटरीबद्दल तसे म्हणता येत नाही. परिणामी महिन्यातून दोन-तीनदा टाकी ओसंडून टेकडीखालच्या शिंप्याच्या दुकानात पाणी शिरत असे व तो गिऱ्हाइकांना स्टुलावर उभे करून मापे घेत असे. त्याच्या तक्रारी आपल्या दप्तरी आहेत. त्यांतील शेवटची अस्तराच्या कापडावर लिहिलेली असल्याने ती फाइलीत घालताना आवक लिपिकाच्या नाकी नऊ आले होते, हे आपणास स्मरत असेल.

२. यावर उपाय म्हणून टाकीत पातळी मोजणारे उपकरण बसविण्यात आले व ते टाकीवरच्या संगणकाला जोडले. आता तो आकडा पंपघर व कार्यालय येथील संगणकांवर दिसणे आवश्यक होते. इंटरनेट तिन्हीकडे होते. तथापि गावाच्या पाण्याचा आकडा उघड्या रस्त्यावर मांडून ठेवणे बरे नव्हे, कारण आज आकडा वाचणारा उद्या खटक्यालाही हात घालू शकतो. म्हणून तिन्ही संगणकांमध्ये एक खासगी वाट काढावी लागते. तिला व्हीपीएन म्हणतात. ही वाट इंटरनेटच्याच भर गर्दीतून जाते, परंतु तीवरून जे जाते ते कुलूपबंद जाते, आणि किल्ल्या फक्त आपल्याच संगणकांकडे असतात. अशी वाट तयार करून देणाऱ्या कंपन्या आहेत. पण मग मधला दरवाजा कंपनीच्या अंगणात राहतो, आणि ती तो कोणत्या दिवशी रंगवायला काढील याचा नेम नसतो. म्हणून अर्जदाराने दरवाजा स्वतःच उभारला. तो उभारण्यास दोन रविवार लागले. त्यांची बदली रजा अर्जदाराने मागितलेली नाही व या अर्जातही मागत नाही.

३. दरवाजा ठेवायचा कोठे, हा खरा प्रश्न होता. टाकी व पंपघर येथे सिमकार्डावरचे इंटरनेट आहे. अशा जोडणीवरून बाहेर जाता येते, परंतु तिला कायमचा पत्ता नसल्याने बाहेरच्याला आत येता येत नाही. कार्यालयाच्या जोडणीला असा पत्ता मिळावा म्हणून अर्जदाराने केलेली विनंती त्या वेळी एक वर्ष विचाराधीन होती, आणि त्या विचारात व्यत्यय आणणे अर्जदारास योग्य वाटले नाही. कायमचा पत्ता असलेली व वीज न जाणारी जोडणी अर्जदाराच्या माहितीत एकच होती, ती आईच्या घरी. आई एकतीस वर्षे टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. तेथील निवृत्तांना मिळालेल्या जोडणीला कायमचा पत्ता आहे. शिवाय तिचे घर रुग्णालयाच्या वीजवाहिनीवर असल्यामुळे वादळातही तेथील दिवे मालवत नाहीत. सबब मिठाच्या बरणीएवढे ते यंत्र तिच्या स्वयंपाकघरात, प्रत्यक्ष मिठाच्या बरणीच्या वरच्या फळीवर, ठेवण्यात आले. टाकी, पंपघर व कार्यालय हे तिन्ही संगणक त्या फळीवर येऊन एकमेकांना भेटतात. 'आठवडाभर राहू दे' असे अर्जदाराने आईला सांगितले होते. त्या आठवड्याला आता एकोणीस महिने झाले आहेत.

४. या एकोणीस महिन्यांत शिंप्याच्या दुकानात फक्त दोनदा पाणी शिरले. दोन्ही प्रसंगांचा खुलासा प्रामाणिकपणे करणे अर्जदार आपले कर्तव्य समजतो. पहिल्या वेळी आईने फळी पुसण्यासाठी यंत्राची वायर काढली व ती यंत्रही पुसून, कोरडे करून, मगच परत लावली. तिचे म्हणणे, "तुमच्या ऑफिसात कधी कोणी पुसलं असतं का?" दुसऱ्या वेळी तिने यंत्रावर क्रोशाचे आवरण विणून घातले. यंत्र गुदमरून तापले व बंद पडले. तेव्हापासून आवरण यंत्राच्या खाली असते, वर नसते. हा तोडगा उभयपक्षी मान्य झालेला आहे.

५. या दुसऱ्या प्रसंगानंतर, यंत्र चालू आहे की नाही हे आईला कळावे, म्हणून अर्जदाराने एका पट्टीवर तीन हिरवे दिवे बसवून दिले : टाकी, पंपघर, कार्यालय. जो संगणक वाटेवर आहे त्याचा दिवा लागतो, तुटला की विझतो. अर्जदाराचा हेतू एवढाच होता की तिने अधूनमधून नजर टाकावी. परंतु एकतीस वर्षे दिव्यांसमोर बसलेल्या बाईला दिवे देताना अर्जदाराने पुरेसा विचार केला नाही, हे नमूद करतो. दुसऱ्याच दिवशी तिने नोंदवही घातली. तीत "१०.१२ टाकी गेली. १०.१३ पहारेकऱ्यास फोन. १०.१६ टाकी आली. कारण : चहा गरम करण्यासाठी त्याने राऊटरचा प्लग काढला. समज दिली" अशा नोंदी आहेत. पहारेकऱ्याला ती फोन करते तेव्हा "टाकी, बोला" एवढेच म्हणते. पहारेकरी उभा राहून बोलतो. त्याने आता राऊटरच्या प्लगवर लाल चिकटपट्टी लावली आहे आणि मोबाइलची बॅटरीही नवी घेतली आहे, जे आपल्या विभागाच्या तीन परिपत्रकांनी साधले नव्हते.

६. पुढे तिने कामाच्या वेळा लेखी मागितल्या. अर्जदाराने गंमत म्हणून एका कागदावर "सकाळी ७ ते रात्री ९, जेवणाची सुटी १ ते २" असे लिहून दिले. ही अर्जदाराची चूक झाली. तिने कागद भिंतीवर लावला आणि साप्ताहिक सुटी कोठे आहे, असे विचारले. तेव्हापासून दर बुधवारी ती दिव्यांच्या पट्टीवर रुमाल टाकते व तिकडे ढुंकूनही पाहत नाही. बुधवारी शेजारच्या काकू बदलीवर येतात. काकूंना आईने दोन आठवडे प्रशिक्षण दिले, परीक्षा घेतली आणि पहिल्या वेळी नापास केले. काकू महिनाभर अबोला धरून होत्या. आता त्या आईपेक्षा कडक आहेत, आणि त्यांच्या दिवशी पहारेकरी चहाच पीत नाही.

७. आता एका नाजूक बाबीचा उल्लेख करतो. याच खासगी वाटेवरून अर्जदाराने तिन्ही ठिकाणी अंतर्गत फोन बसवून दिले : टाकी एक, पंपघर दोन, कार्यालय तीन. चाचणीसाठी म्हणून चार क्रमांक स्वयंपाकघरात जोडला व चाचणी संपल्यावर काढायचा राहून गेला. गेल्या पावसाळ्यात पूर आला त्या दिवशी आपण स्वतः पंपघराशी बोलण्यासाठी घाईत चार दाबला होता. पलीकडून "कोण पाहिजे?" असे विचारले गेले, आपण सांगितले, आणि "थांबा, जोडते" म्हणून आपणास जोडून देण्यात आले. त्यानंतर आपण सबंध दिवस चारच दाबत होता. नोंदवही पान ९४ प्रमाणे त्या दिवशी आपले सतरा फोन जोडले गेले. संध्याकाळी आपण कार्यालयात "नवीन ऑपरेटर चांगली नेमली आहे, नाव पाठवा, अभिनंदनाचे पत्र काढू" असे म्हणाल्याचे अर्जदाराच्या कानावर आले. नाव का पाठविले गेले नाही, याचा उलगडा आता होईल. अर्जदार गप्प बसला, हा दोष मान्य आहे.

८. मा. उपअभियंता यांनी स्थळपाहणी केली. कार्यालयीन यंत्रणा खासगी घरात असल्याबद्दल त्यांनी तीव्र नापसंती व्यक्त केली आणि तेथे फलक, अग्निशामक नळकांडे व अभ्यागत नोंदवही असणे आवश्यक असल्याचे अहवालाच्या पहिल्या भागात लिहिले. त्यांचा अंदाज असा असावा की हे ऐकून आई हात टेकील. आईने आठ दिवसांत तिन्ही गोष्टी केल्या. स्वयंपाकघराच्या दारावर आता "परवानगीशिवाय आत येऊ नये, चपला बाहेर" असा फलक आहे. अभ्यागत नोंदवहीत दूधवाला, काकू, गॅसवाला आणि मा. उपअभियंता यांच्या सह्या आहेत. मा. उपअभियंता यांच्या चार आहेत. "भेटीचे कारण" या रकान्यात त्यांनी चारही वेळा "तपासणी" असे लिहिले असून आत येण्याची व जाण्याची वेळ पाहता पहिली तपासणी अकरा मिनिटांत व चौथी दोन तास पाच मिनिटांत पूर्ण झाली. चौथ्या अहवालात त्यांनी चहाचा उल्लेख केलेला नाही, परंतु आईने केला आहे. हा अर्ज त्यांच्याच मार्फत जात असल्याने अर्जदार याहून अधिक लिहीत नाही.

९. यानंतर आपला आदेश आला. मुख्य कार्यालयात सर्व्हर कक्ष तयार झाला आहे, कार्यालयाच्या जोडणीला कायमचा पत्ता मिळाला आहे, सबब यंत्र महिनाअखेरपर्यंत तेथे हलवावे. अर्जदाराने यावर तोंडी काही हरकती घेतल्या होत्या. सर्व्हर कक्षाचे छत गळते, अशी एक. पाणीपुरवठा विभागाचे छत गळावे हे शोभत नाही म्हणून आपण ते तातडीने दुरुस्त करून घेतले. वीज जाते, अशी दुसरी. आपण दोन बॅटऱ्या बसविल्या. कक्षाची किल्ली भांडारपालाकडे असते व भांडारपाल कोठे असतो हे कोणालाच ठाऊक नसते, अशी तिसरी. आपण किल्लीची दुसरी प्रत अर्जदाराच्या हाती दिली. अर्जदाराने आयुष्यात केलेल्या कोणत्याही मागणीची इतक्या तत्परतेने दखल घेतली गेली नव्हती. त्यामुळे अर्जदाराची फार पंचाईत झाली आहे. आजमितीस यंत्र हलवू नये याला तांत्रिक कारण एकही उरलेले नाही. हे अर्जदार तंत्रज्ञ या नात्याने लिहून देतो.

१०. जे कारण उरते ते तांत्रिक नाही. कार्यालयीन अर्जात ते कोणत्या शब्दांत लिहितात हे माहीत नसल्याने जसे आहे तसे लिहितो.

एक्सचेंज बंद झाले तेव्हा आईच्या हातून एका दिवसात सगळ्या गावाचे बोलणे गेले. तरी तेव्हा घरात वडील होते. ते कमी बोलत, पण होते. तीन वर्षांपूर्वी तेही गेले. त्यानंतर घरातला फोन वाजला तर आई चार-पाच घंटा वाजू देऊ लागली. जी बाई नोकरीत पहिली घंटा पुरी होऊ देत नसे ती घंटा ऐकत बसून राही, आणि उचलला की आधी "चुकीचा नंबर असेल" असे म्हणे. अर्जदार महिन्यातून एकदा तिच्याकडे जात असे. "बरं आहे", "जेवले", "झोप लागते", या तीन उत्तरांत भेट आटोपत असे, आणि परत येताना अर्जदाराचा पाय निघत नसे, पण थांबून काय करावे तेही सुचत नसे. त्या दिवसांत तिने स्वतःहून विचारलेला एकही प्रश्न अर्जदारास आठवत नाही.

यंत्र ठेवल्यापासून अर्जदार देखभालीसाठी रोज सायंकाळी सहा वाजता जातो. दार उघडायच्या आधीच तिचा पहिला प्रश्न येतो. पंपघर दुपारी चार मिनिटे का गेले होते? पहारेकऱ्याच्या मुलीचा ताप उतरला का? साहेबांचा घसा आज बसल्यासारखा का वाटत होता? (आपल्याबद्दलच विचारते. आपण चार दाबणे अजून सोडलेले नाही.) ती फोन आता पहिल्या घंटेला उचलते. तिची तब्येत पाहणाऱ्या डॉक्टरांनी मागच्या खेपेस गोळ्या कमी केल्या व काय बदल केला असे विचारले, तर ती म्हणाली, "नोकरी लागली." डॉक्टर हसले. अर्जदारास हसू आले नाही.

अर्जदारास भीती वाटते, महोदय. यंत्र न्यायला अर्धा तास लागेल. तीन स्क्रू आहेत आणि एक वायर. त्यानंतर त्या फळीवर काय ठेवायचे, हे अर्जदारास सुचलेले नाही. तिला सांगायचे कसे हेही सुचलेले नाही, म्हणून आदेश येऊन सोळा दिवस झाले तरी तिला तो दाखविलेला नाही. हा उशीर अर्जदाराचा आहे, आईचा नव्हे.

११. वरील परिस्थितीत अर्जदाराची विनंती पुढीलप्रमाणे आहे. यंत्र आहे तेथेच राहू द्यावे. ते शक्य नसल्यास अर्जदाराच्या आईचे स्वयंपाकघर हे विभागाचे उपकेंद्र म्हणून घोषित करावे. फलक व नळकांडे आहेतच, अधिसूचना तेवढी राहिली आहे. तेही शक्य नसल्यास यंत्र न्यावे परंतु दिव्यांची पट्टी चालू ठेवावी. सर्व्हर कक्षातून ते दिवे तिच्याकडे लावून देणे अर्जदारास सहज शक्य आहे. नुसते दिवे खोटे लावून ठेवावेत, असाही एक विचार अर्जदाराच्या मनात येऊन गेला होता. तो मागे घेत आहे. खोटे दिवे तिला एका दिवसात ओळखता येतील, आणि त्यानंतर ती अर्जदाराचे तोंड पाहणार नाही, आणि ते बरोबरच होईल. यंत्राबरोबर तिलाही सर्व्हर कक्षात एक खुर्ची द्यावी, ही सूचना मा. उपअभियंता यांची आहे. अर्जदाराने तिला सहज म्हणून त्या कक्षाचे वर्णन करून पाहिले. "खिडकी नाही? मग तिथे यंत्रंच बसतात," असे ती म्हणाली.

यांपैकी काहीही मंजूर करणे आपल्या अधिकारात बसत नसेल तर निदान महिनाअखेरची मुदत वाढवावी. किती वाढवावी असे विचारल्यास अर्जदाराजवळ नेमके उत्तर नाही.

कळावे, आणि शक्य झाल्यास समजून घ्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
(सही)
उपकरण तंत्रज्ञ, पंपघर

दिनांक : १९ फेब्रुवारी

सोबत :
१) दिव्यांच्या पट्टीचे रेखाचित्र.
२) नोंदवहीतील पान ९४ ची प्रत. मूळ वही देण्यास आईने नकार दिला आहे.
३) शिंप्याचे प्रशस्तिपत्र. या वेळी कागदावर आहे.

ता. क. : अर्ज इथे पूर्ण झाला होता. परंतु एक बाब घडली असून ती दडवणे योग्य होणार नाही. अर्जदाराने हा मसुदा पंपघरातील संगणकावर तयार केला व सवयीने सर्वांच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवला. हे फोल्डर व्हीपीएनवरच्या प्रत्येक संगणकाला दिसते, तेच त्याचे काम आहे. गेल्या वर्षी आईला नोंदवही टाइप करता यावी म्हणून अर्जदाराने आपला जुना संगणक फळीखाली मांडून दिला होता व तोही याच वाटेवर जोडला होता, याचे भान राहिले नाही. आज दुपारी जेवून आल्यावर मसुदा उघडला असता त्याखाली पुढील मजकूर वाढलेला आढळला. तिने टाइप केलेले पुसण्याचा अर्जदारास धीर झाला नाही. अर्ज रद्द करून नवा लिहावा असेही वाटले, पण तसे केल्यास तेही तिला दिसेल. सबब आहे तसा सादर करीत आहे.

"साहेब, मी चार नंबर. मुलाचा अर्ज वाचला. तुमच्या पत्राचं मला त्याच दिवशी कळलं होतं. तुमचे उपअभियंता चहा पिताना सांगून गेले. तो सांगेल म्हणून मी थांबले होते.

त्याचा दहावा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि अर्धा चुकलाय. वाईट दिवस होते, ते खरं आहे. पण मी आता दिव्यांवर नाही जगत. दिवे गेले तर काकू आणि मी दुसरं काहीतरी काढू, आमचं चाललंय बोलणं. माझी काळजी करून मुदत वाढवू नका. गावाच्या पाण्याचं यंत्र गावाच्या ऑफिसात असावं, हे मला नोकरी केलेल्या बाईला कोणी शिकवायला नको.

त्याने जे लिहिलं नाही ते मी लिहिते. यंत्राला गेल्या सव्वा वर्षात काहीही झालेलं नाही. वही माझ्याकडे आहे, मला माहीत आहे. तरी हा रोज सहाला येतो, खुर्चीवर चढतो, डब्याला हात लावून बघतो, 'गरम नाहीये' म्हणतो, खाली उतरतो आणि दीड तास बसतो. सगळं सांगतो. पंपाचं, पहारेकऱ्याचं, घरी काय बिनसलं त्याचं. दोनदा रडलाही आहे. त्याच्या वडिलांचं त्याने तेव्हा रडून घेतलं नव्हतं, ते इथे झालं. मी मुद्दाम पाठ करून भांडी लावत होते.

यंत्र नेलंत की त्याला यायला कारण राहणार नाही. आणि काही कारण असल्याशिवाय तो कुठे जात नाही, आईकडेसुद्धा त्याला काम लागतं. त्याचे वडील असेच होते. लग्नाआधी महिनाभर रोज एक्सचेंजला यायचे, फोन खरखरतो अशी तक्रार घेऊन. मी लाइन तपासली होती. फोन उत्तम होता.

तेव्हा यंत्र खुशाल न्या. स्क्रू चार आहेत, तीन नाहीत. फक्त न्यायच्या दिवशी माझ्या मुलाच्या नावाने एक लेखी आदेश काढा : रोज सायंकाळी सहा वाजता आईच्या घरी हजर राहावे, पुढील आदेश होईपर्यंत. आणि पुढला आदेश काढू नका. वरिष्ठांची सही असली की तो मोडत नाही, ऊन असो की पाऊस. 'कारण' असा रकाना तुमच्या कागदावर असेल तर तो कोरा ठेवा.

आणि साहेब, तुम्ही दिवसातून तीनदा चार दाबता आणि काम सांगून झाल्यावरही लगेच ठेवत नाही. मी इतकी वर्षं लाइनवर काढली आहेत, मला ऐकू येतं. तुमची आई असेल, तर त्याच आदेशाची एक प्रत तुमच्याही नावाने काढा.

वेळ १.४०. नोंद केली."